सातवा मजला, काळी चार

आमच्या इमारतीत लिफ्ट आली आणि इमारतीतलं बोलणं थांबलं.

आमची जुनी इमारत पार्ल्यातल्या कुठल्याही जुन्या इमारतीसारखी होती. तळमजला अधिक तीन, वाळवीने निम्मा खाल्लेला लाकडी कठडा आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर ऐसपैस जागा. ती जागा ज्याने सोडली त्याला माणसाचा स्वभाव कळला होता. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन चढणारा माणूस वळणावर पिशव्या टेकवतो आणि पिशव्या टेकवलेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. “मेथी कशी दिली?” इथून गाडी निघायची. पुढच्या वळणावर ती मुलीच्या स्थळापर्यंत यायची आणि तिसऱ्या मजल्यावर जावयाच्या मुतखड्याशी थांबायची. तीन मजले चढायला धडधाकट माणसाला एक मिनिट पुरतं. पण मी कोथिंबिरीला खाली गेलो की ही गॅस बंद करून पेपर वाचायला बसायची.

मग रिडेव्हलपमेंट झालं. विमानतळ डोक्यावर असल्यामुळे आमच्याकडच्या इमारतींना फार उंच होता येत नाही, म्हणून टॉवर न होता सात मजल्यांवर भागलं. मला सहावा मिळाला. जिना आहे, पण तो आता लोखंडी दारामागे असतो आणि आग लागली तरच आठवतो. बाकी सगळा कारभार लिफ्टचा.

लिफ्टमध्ये एका चौकटीत सरकारी परवाना टांगलेला आहे. त्यावर लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हटलंय. संस्कृतात उद्वाह म्हणजे लग्न, ही माहिती आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त संस्कृत शिक्षक आजोबांनी पहिल्याच दिवशी पुरवली. “साम्य आहे,” ते म्हणाले, “आत शिरलं की दार बंद होतं आणि वजनाची मर्यादा नंतर वाचायला मिळते.”

मर्यादा म्हणजे ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’. मी भागाकार केला. माणशी ६८ किलो आले. आठ माणसांची लिफ्ट पाहिली तर ५४४, तेरा माणसांची पाहिली तर ८८४. कुठेही भागा, उत्तर ६८. म्हणजे सरकारदरबारी माणूस नावाची जी वस्तू आहे ती ६८ किलोची. मी ८५ किलोचा. हिने तिथल्या तिथे हिशोब केला, “म्हणजे तुम्ही बरोबर सव्वा माणूस.” गणितात हिला कधीच गती नव्हती, पण माझ्या बाबतीत तिचं अपूर्णांकांवर प्रभुत्व आहे.

वजन जास्त झालं की लिफ्ट कण्हल्यासारखी वाजते. मग कायदा असा, की जो शेवटी चढला तो गुन्हेगार. आत दोन-तीन सव्वा माणसं सुखाने उभी असतात, पण सगळे बघतात दारात उभ्या असलेल्या चाळीस किलोच्या कॉलेजकन्येकडे. ती बिचारी उतरते, आवाज थांबतो आणि सव्वा माणसं ‘हल्लीच्या मुलींना चालायला नको’ अशा चेहऱ्याने वर जातात. त्याआधी एक प्रयत्न सगळेच करून बघतात. सगळे पोट आत घेतात. पोट आत घेतल्याने वजन कमी होतं, हा समज विज्ञानशाखेच्या पदवीधरांतही मला आढळला आहे.

लिफ्टमध्ये माणूस दाराकडे तोंड करून उभा राहतो आणि वरच्या आकड्यांकडे बघत राहतो. दोन, तीन, चार. त्या आकड्यांत पुढे काय येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी चेहरे दहावीचा निकाल लागत असल्यासारखे. १९६२ साली अमेरिकेतल्या ‘कँडिड कॅमेरा’ या टीव्ही कार्यक्रमाने गंमत केली होती. लिफ्टमध्ये चार-पाच आपली माणसं पेरायची आणि त्यांनी दाराकडे पाठ करून उभं राहायचं. बाहेरून आलेला अनोळखी माणूस आधी गोंधळतो, मग घड्याळ बघितल्याचं निमित्त करतो आणि हळूहळू स्वतःही भिंतीकडे वळतो. हा प्रयोग आमच्याकडे करायची गरज नाही. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्यांचं चौथ्या मजल्यावरच्यांशी पार्किंगवरून वाजलंय. ते दोघे एकत्र आले की एक जण आपण होऊन भिंतीकडे तोंड करतो.

बोलणं सुरू असतं ते फक्त मोबाइलवरचं आणि तेही दार बंद होईपर्यंतच. स्टीलच्या पेटीत शिरलं की रेंज जाणार. १८३६ साली मायकल फॅरडे यांनी धातूने मढवलेली खोली बांधून बाहेरच्या विजेचा आत शिरकाव होत नाही हे दाखवलं, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. तरी आमच्या पाचव्या मजल्यावरच्या वहिनींना ते रोज नव्याने सिद्ध करावंसं वाटतं. पहिल्या मजल्यावर त्यांचं “लिफ्टमध्ये आहे” अगदी साध्या आवाजात असतं. दुसऱ्यावर “लिफ्टमध्ये!” तिसऱ्यावर “अगं लिफ्ट! लिफ्ट!” आणि चौथ्यावर नुसतं “हॅलो?” पण ते अशा टिपेला गेलेलं, की लिफ्ट मजल्यामजल्याने चढतेय आणि वहिनी सुरासुराने. बरोबर पाचव्या मजल्यावर दोघी एकदम थांबतात.

हे ऐकूनच मला हिच्या विषयाकडे वळावं लागलं. आमची ही गाण्याचे क्लास घेते. तिच्यामुळे मला कळलं, की ‘पट्टी’ या आपल्या शब्दाने किती भार उचललाय. घरपट्टी, पाणीपट्टी, तापाच्या पट्ट्या, मास्तरांची हातावर बसणारी पट्टी आणि गाण्यातली पट्टी. इंग्रजांनी ‘पिच’ या एका शब्दावर असंच भागवलंय. सुराची उंची म्हणजे पिच, बेसबॉलमध्ये फेकलेला चेंडू म्हणजे पिच, क्रिकेटमध्ये चेंडू जिथे पडतो ती जमीन म्हणजे पिच आणि कुणाच्या तरी खिशातून पैसे काढण्यासाठी केलेलं भाषण म्हणजेही पिच.

गाण्याच्या पट्टीत साहेबाचा आणि आपला मुळातच मतभेद आहे. तिकडे १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, की अमुक सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. सगळ्यांनी त्याला जुळवून घ्यायचं. आपल्याकडे ‘सा’ कुठे ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या गळ्याने ठरवायचं. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. नवीन विद्यार्थी आला की ही आधी त्याच्याशी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलते. मला वाटायचं गप्पा मारते. ती त्याचा सा शोधत असते.

“बोलतानाही माणसाचा सा असतो,” ती म्हणते. “पुरुषाचा साधारण सव्वाशे कंपनांच्या आसपास, बाईचा दोनशेच्या. घाबरला की स्वरतंतू ताणले जातात आणि सा वर सरकतो.”

तेव्हापासून मी लोकांचे सा ऐकत फिरतो. आमचे सेक्रेटरी मेंटेनन्स थकवणाऱ्याशी वरच्या पट्टीत बोलतात, बिल्डरशी खालच्या आणि महापालिकेच्या माणसाशी बोलताना त्यांना आवाजच फुटत नाही. लहान बाळ दिसलं की सहा फुटी पोलिसाचाही आवाज तार सप्तकात जातो. “हे काSSय?” एवढे दोनच शब्द, पण त्यात तो दीड सप्तक चढून जातो. डोक्यावरून विमान गेलं की आख्खं पार्लं एकदम वरच्या सुरात बोलायला लागतं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एटियेन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली दाखवून दिलं. पार्ल्यात मात्र विमान निघून गेल्यावरही लोक त्याच पट्टीत राहतात आणि त्याला चर्चासत्र म्हणतात.

आता बघा, सूर आपण ‘चढतो’ आणि ‘उतरतो’ म्हणतो, जसा काही जिनाच आहे. मंद्र, मध्य आणि तार असे आपल्या गाण्याचे तीनच मजले, म्हणजे आमच्या जुन्या इमारतीएवढेच. पेटी हा त्यातला जिना. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर पाय ठेवायचा, मध्ये उभं राहायला जागा नाही. सारंगी म्हणजे लिफ्ट. ती एका सुरातून दुसऱ्यात न तुटता सरकत जाते, त्याला मींड म्हणतात आणि ती पेटीवर निघत नाही. या आणि अशा दोषांसाठी आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं पेटीला बंदी घातली होती. गाण्यात लिफ्ट श्रेष्ठ हे मी मानतो. पण माणसांच्या बाबतीत मला शंका होती आणि ती माझ्या भाच्यामुळे दूर झाली.

भाचा इंजिनिअर आहे. नोकरी सोडून त्याने स्टार्टअप काढलंय. स्टार्टअप म्हणजे काय, असं माझ्या बहिणीला कुणी विचारलं तर ती “सध्या घरीच असतो” असं सांगते. कल्पना मात्र मला पहिल्या फटक्यात आवडली. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं ॲप.

ज्याने कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलंय त्याला यातलं दुःख सांगायला नको. कुकर लावायचा, तीन शिट्ट्या करायच्या आणि फोन येतो. फोन ठेवल्यावर घरात एकच प्रश्न, “किती झाल्या?” कुणी दोन म्हणतं, कुणी चार म्हणतं आणि जो माणूस ओट्याला टेकून उभा होता तो म्हणतो, “मी कुठे ऐकत होतो?” कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून एक शिट्टी इकडची तिकडे झाली की तुरीची डाळ दाताखाली येते किंवा भाताची खीर होते. त्यात सात मजल्यांच्या इमारतीत वरच्या-खालच्यांची शिट्टी आपल्या खात्यात जमा होते. आमच्याकडे एकदा पाचव्या मजल्याच्या दोन शिट्ट्यांवर विश्वास ठेवून राजमा उतरवला होता. तो आम्ही दोन दिवस चघळत होतो.

भाच्याचं ॲप फोनच्या माइकमधून शिट्टी ऐकतं आणि तिच्या पट्टीवरून ओळखतं, की ही आपलीच आहे का शेजारची. “मामा, कुठल्याच दोन कुकरची शिट्टी सारखी नसते,” तो म्हणाला. “वजन, भोक, रबर, आत किती पाणी आहे... प्रत्येकाची पट्टी वेगळी.”

पैसे लागणार होते. आणि पैसे आमच्या सातव्या मजल्यावर राहत होते. तिथल्या गृहस्थांनी आपली कंपनी विकून आता दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवायला घेतले होते. रोज संध्याकाळी पावणेआठला ते फिरून येतात आणि लिफ्टने वर जातात.

“एलेव्हेटर पिच!” भाच्याचे डोळे चमकले. मला त्याने समजावून सांगितलं. बडा माणूस लिफ्टमध्ये सापडला असं समजायचं आणि त्याचा मजला येईपर्यंत आपली कल्पना त्याच्या गळी उतरवायची. अर्धं मिनिट, फार तर एक.

मी हिशोब केला. ही पद्धत निघाली ती पन्नास-साठ मजल्यांच्या देशात. आमची लिफ्ट सेकंदाला एक मीटर चढते. सात मजले म्हणजे वीस मीटर आणि थोडं. क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, म्हणजे २०.१२ मीटर. थोडक्यात, आमच्या लिफ्टचा प्रवास म्हणजे उभं केलेलं क्रिकेटचं पिच. त्या वीस सेकंदांत मराठी माणसाचं “नमस्कार, ओळखलंत का?” सुद्धा पुरं होत नाही.

मी त्याला ओटिसची गोष्ट सांगितली. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा कारागीर एका उघड्या पाळण्यावर उभा राहिला. पाळणा गर्दीच्या डोक्यावर उंच नेला आणि मग त्याने दोर तोडायला लावला. गर्दीचा श्वास अडकला. पाळणा जरासा घसरला आणि जागच्या जागी थांबला. दोराचा ताण गेला की वरची स्प्रिंग सुटते आणि बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकते, एवढीच करामत. ओटिस वरून सगळं ठीक आहे अशा अर्थाचं दोन-तीन शब्दांत काहीतरी म्हणाला. तीन वर्षांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात त्याची माणसांची लिफ्ट चालू झाली. लिफ्टमध्ये उभं राहून केलेली खरी पिच तेवढीच. त्यात भाषण नव्हतं, नुसता दोर तोडला होता.

“म्हणजे मी काय तोडू?” भाच्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तालीम आमच्या दिवाणखान्यात झाली. मी गुंतवणूकदार, कपाट म्हणजे लिफ्ट, ही स्टॉपवॉच घेऊन. भाच्याने दीर्घ श्वास घेतला आणि सुरू केलं, “सर, भारतातल्या कोट्यवधी घरांमध्ये दररोज एक समस्या निर्माण होत असते...”

“थांब,” ही म्हणाली. “निर्माण होईपर्यंत तिसरा मजला आला. आणि काळी चारमध्ये सुरू केलंस. पुरुषाचा गळा आहे ना तुझा? इथेच एवढा वर गेलास तर अंतऱ्याला काय गच्चीवर जाणार आहेस?”

“मामी, टेन्शन येतं.”

“ते ऐकू येतंय. समोरच्याचा सा काय आहे ते बघितलंस का?”

“वीस सेकंदांत सा कधी बघू?”

“मग गाऊ नकोस,” ही म्हणाली आणि क्लासला गेली.

पहिला प्रयत्न मंगळवारी. भाचा आणि गृहस्थ लिफ्टमध्ये शिरले, मीही शिरलो. दार बंद होणार इतक्यात दुसऱ्या मजल्यावरचे संस्कृत आजोबा काठी आडवी घालून आत आले. भाच्याने तोंड उघडलं, “सर, भारतातल्या—” तोच आजोबांनी त्याच्याकडे मान वळवली, “तू कुणाचा?” भाच्याने आईचं नाव सांगितलं. “माहेरचं आडनाव?” ते झालं. “मूळ गाव?” मूळ गावाशी दुसरा मजला आला. आजोबा उतरले, पण काठी दारात ठेवून उभे राहिले. “म्हणजे तुमचं कुलदैवत...” लिफ्टची बाई म्हणाली, “कृपया दरवाज़ा बंद करें।” आजोबा तिला म्हणाले, “थांब जरा.” सातवा मजला आला तेव्हा गृहस्थांना भाच्याचं गोत्र पाठ झालं होतं, कल्पना कळली नव्हती.

दुसरा प्रयत्न गुरुवारी. भाचा शेवटी चढला आणि लिफ्ट कण्हली. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी आकड्यांकडे बघितलं. तो उतरला. आत एक सव्वा माणूस होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी खाली पुठ्ठा लटकत होता, ‘लिफ्ट बंद आहे’. खाली कुणीतरी पेनाने ‘कधीपर्यंत?’ लिहिलं होतं आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘चालू होईपर्यंत’. पावणेआठला गृहस्थ आले, पुठ्ठा वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्या लोखंडी दाराचा कोयंडा ओढला. आम्ही दोघे त्यांच्या मागे.

पहिला मजला कुणी बोललं नाही. दुसऱ्यावर गृहस्थांनी कठड्याला हात लावला. भाच्याने संधी साधली, “सर, भारतातल्या...” पण चढताना दम लागलेल्या माणसाला काळी चार परवडत नाही. वाक्य अर्ध्यात मोडलं. तिसऱ्याच्या वळणावर गृहस्थ थांबले, पिशवी टेकवली. फिरून येताना त्यांनी भाजी घेतली होती.

मी आपोआप म्हणालो, “मेथी कशी दिली?”

“पंचवीसला,” ते म्हणाले. “पण कोवळी आहे.” आणि हसले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. अगदी खालचा, खर्जातला, सावकाश चालणारा. लिफ्टमधल्या त्यांच्या ‘हं’वरून हे कधी कळलं नसतं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या दाराआडून शिट्टी आली. जाडी, फुस्स करणारी. “ह्यांचं रबर गेलंय,” भाचा सहज म्हणाला. वरून दुसरी आली, बारीक आणि लांब. “ही पाचव्यावरची. नवा कुकर आहे, छोटा. दुसरी झाली.”

“तुला कसं कळलं?” गृहस्थांनी विचारलं.

आणि भाचा सांगायला लागला. चौथ्या मजल्यापर्यंत वजन आणि भोक, पाचव्यापर्यंत आईचा राजमा (खरं तर माझा), पाचव्याच्या वळणावर पुन्हा पिशवी टेकवली तेव्हा माइक आणि पट्टी. दम खात, मध्ये थांबत, पुढची शिट्टी आली की बोट वर करून. चौथ्या मजल्यावर कधीतरी ‘सर’चं ‘काका’ झालं होतं, त्या दोघांनाही कळलं नाही. आणि आवाज? मी पेटी घेऊन बसलो नव्हतो, पण शपथेवर सांगतो, काळी एक. गृहस्थांच्या आवाजाला जाऊन लागलेली.

सहाव्या मजल्यावर माझं घर आलं, पण मी गेलो नाही. सातव्यावर गृहस्थांच्या पत्नीने दार उघडलं. आतून डाळीचा वास आला आणि एक लांब शिट्टी.

“आलात का? बरं झालं. मी फोनवर होते. किती झाल्या हो?”

“आपल्या दोन,” गृहस्थ म्हणाले. “ती बारीक ऐकलीस ती पाचव्यावरच्यांची.” मग ते स्वतःच चमकून आमच्याकडे बघायला लागले.

भाचा इतका वेळ न थांबता बोलत होता, पण त्या क्षणी एक शब्द बोलला नाही. रात्री मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, “शिकला. समेवर येऊन थांबता आलं पाहिजे.”

गृहस्थांनी पैसे लगेच दिले नाहीत. म्हणाले, “आधी आपल्याच बिल्डिंगमध्ये चालवून दाखव. सात मजले, चौदा घरं. दर शुक्रवारी मला येऊन सांग.” आणि दार लावता लावता, “लिफ्ट दुरुस्त झाली तरी जिन्यानेच ये.”

लिफ्ट सोमवारी दुरुस्त झाली. भाचा घरोघर जाऊन ॲप घालून आला. संस्कृत आजोबांनी आधी शिट्टीला संस्कृतात काय म्हणतात ते सांगितलं, मग फोन हातात दिला. पार्किंगवाले तिसरे आणि चौथे दोघेही तयार झाले, कारण दोघांनाही समोरच्याच्या शिट्ट्या आपल्यात धरल्या जात असल्याचा जुना संशय होता.

परवा संध्याकाळी मी खालून लिफ्टमध्ये शिरलो. आत पाच जण, सगळे आकड्यांकडे तोंड करून. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि कुठल्याशा घरातून शिट्टी आत आली. कुणी हललं नाही. मग आजोबा (ते दुसऱ्यावर उतरायचं विसरले होते) हळूच म्हणाले, “तीन.”

“दोन,” तिसरे म्हणाले. “ती एक चौथ्यावरची होती.”

“आमची नाही,” चौथे भिंतीकडून वळून म्हणाले. “आमची जाडी आहे.”

“अहो जाडी यांची! यांचं रबर गेलंय,” पाचव्यावरच्या वहिनी फोन कानाला तसाच धरून म्हणाल्या. तिसऱ्यांचा एक पाय लिफ्टमध्ये आणि एक बाहेर. रबर कुठे चांगलं मिळतं यावरून स्टेशनजवळच्या दुकानाचा विषय निघाला, दुकानावरून त्याच्या मुलाच्या लग्नाचा.

लिफ्टची बाई म्हणाली, “कृपया दरवाज़ा बंद करें।” मग पुन्हा म्हणाली. तिची पट्टी कधी बदलत नाही, म्हणून तिचं कुणी ऐकत नाही.